जबाबात न आलेले थोरवेमामा

थोरवे हवालदारांचं नाक चेहऱ्याच्या मधोमध नव्हतं. ते डाव्या गालाकडे जरा सरकलेलं होतं. त्यामुळे ते समोर बघत असले तरी बोलणाऱ्याला वाटायचं की हे आपल्याकडे नाही, आपल्या शेजारच्या कुणाकडे तरी बघतायत. नवीन माणूस एकदा तरी बाजूला वळून बघायचाच. तरुणपणी ते पोलीस खात्याच्या स्पर्धांमध्ये बॉक्सिंग खेळले होते, तिथे हे झालेलं. "दोनदा मोडलं," ते सांगायचे. "पयल्यांदा उजवीकडं, मग डावीकडं. तिसऱ्यांदा मोडलं असतं तर सरळ झालं असतं, पन तवर वय झालं."

त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून मी आजवर तीन-चार वेळा बसलो आहे. दर वेळी पान-दीड पान होतं आणि मी उठतो. कारण त्यांच्याबद्दल लिहिताना एका ठिकाणी मी येतो, आणि तिथे मला स्वतःला बघवत नाही. या वेळी उठायचं नाही असं ठरवलं आहे.

आमचं गाव श्रीगोंद्याकडचं. बाजूला ऊस, पुढे साखर कारखाना, गावात आठवड्याचा बाजार आणि हायस्कूल. पोलीस ठाणं तालुक्याला. गावात नुसतं औटपोस्ट, म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. थोरवे तिथे बदलून आले तेव्हा मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होतो. अजूनही शिकवतो. आमच्या घरात आजोबांपासून हेच चालत आलं. आजोबा शाळामास्तर, वडील कचेरीत कारकून, मी शिक्षक. चार ओळी नीट लिहिता येणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट. हे मी कौतुकानं सांगत नाही. पुढे जे झालं ते याच चार ओळींनी झालं.

थोरव्यांची आणि माझी ओळख 'विरुद्ध' या शब्दामुळे झाली. एका रविवारी सकाळी ते फाटकाशी उभे राहिले. अंगात खाकी पँट, वर साधा बनियन, काखेत कागदांची फाईल.

"सर, इरुद्धमधला रु पयला का दुसरा?"

"पहिला. ह्रस्व."

"बघा. मी बारा वर्सं दुसरा काढतोय." त्यांनी दारातच फाईल उघडली, खिशातलं पेन काढून सगळीकडचे रु दुरुस्त केले आणि मग चपला काढून आत आले. "चुकीचं लिवलेलं तसंच पुढं गेलं की झोप येत न्हाई," म्हणाले. त्यानंतर ते बहुतेक रविवारी येत. पंचनामे, अहवाल, अर्ज. मी लाल पेनानं खुणा करायचो, ते सांभाळून परत उतरवून काढायचे. मी त्यांना म्हटलं, इतकं कोण वाचतं तुमच्या खात्यात? ते म्हणाले, "ज्याच्याबद्दल लिवलंय त्यो तर वाचनारच की, सर."

औटपोस्टच्या मागे जप्तीच्या मोटारसायकली गंजत पडलेल्या असायच्या. थोरव्यांनी येऊन महिनाभरात त्या एका कडेला रचल्या, मधली जागा झाडली, फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं, एक चौकोन आखला आणि चार कोपऱ्यांत चार बांबू रोवून उसाच्या ट्रॉलीला बांधतात तो दोर ताणला. लिंबाच्या फांदीला ताडपत्रीची दोन पोती टांगली, आत चिंध्या आणि वाळू. हातमोजांचे तीन जोड त्यांनी स्वतःच आणले होते. सकाळी साडेपाचला ते तिथे उभे राहायचे. पहिला आठवडा कुणी आलं नाही. ते एकटेच चौकोनात पाय टाकत फिरायचे, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, समोर कुणी असल्यासारखे. दुधाचे कॅन घेऊन जाणारी पोरं बघायला थांबू लागली. दोन महिन्यांत पंचवीस-तीस मुलं झाली, त्यात सात मुली.

मुलं त्यांना आधी सर म्हणायची. "सर शाळेत," ते म्हणाले, "मला पोलीसमामा म्हनत्यात, तेच बरंय." मग ते गावाचेच मामा झाले.

त्यांचा वर्ग बघायला मजा यायची, कारण त्यात मारामारी फार थोडी होती. पहिला महिना मूठ वळायचीच नाही. नुसते पाय. आधी सगळ्यांची नखं तपासायची. वाढलेली असली तर तिथेच पायरीवर बसून कापायची. ओरडणं नाही, शिट्टी नाही. तीन टाळ्या वाजवल्या की सगळे थांबत. दोघांची लढत झाली की जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याच्या हाताच्या पट्ट्या सोडायच्या. त्या पट्ट्याही त्यांनी जुन्या साड्या फाडून केलेल्या असत. नुकतंच ज्याला मारलं त्याचा हात हातात धरून गाठ सोडवताना मुलं आधी लाजायची, मग हसायची.

हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कारखान्याच्या बाजूला पडायच्या. त्यातली राणी नावाची बारा-तेरा वर्षांची एक मुलगी तिथे येऊन उभी राहू लागली. मामांनी तिला आत घेतलं. बाकीच्या मुलांच्या पायांत कॅनव्हासचे बूट, ती अनवाणी. दुसऱ्या दिवशी मी फिरायला गेलो तेव्हा सगळे अनवाणी होते आणि बुटांची रांग भिंतीशी लावलेली.

"आजपास्नं पायात काय न्हाई," मामा सांगत होते. "जमीन कळली पायजे तळव्याला."

मी बराच काळ समजत होतो की बॉक्सिंगच्या शास्त्रात असं काही असावं. हंगाम संपून राणीची टोळी गेली, तरी वर्ग अनवाणीच राहिला. पुढच्या वर्षी ती परत आली आणि सरळ आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मामांचा नियम एकच होता. चौकोनाच्या बाहेर हात उचलायचा नाही. कुणी शिवी दिली, ढकललं, काहीही केलं तरी नाही. ज्यानं उचलला त्यानं महिनाभर पडवीच्या पायरीवर बसून नुसतं बघायचं. सागर नावाचा मुलगा त्यांचा सगळ्यांत चांगला खेळाडू होता. त्यानं एसटीत बसायच्या जागेच्या भांडणावरून एकाच्या तोंडावर ठोसा मारला. जिल्ह्याची निवड दहा दिवसांवर आलेली. मामांनी त्याला पायरीवर बसवलं. त्याचे वडील येऊन हात जोडून गेले. मीही रविवारी बोललो, "मामा, एकदा सोडा, पोराचं वर्ष जाईल."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सर, शिकलेला हात आन न शिकलेला हात येगळा अस्तो," म्हणाले. "समोरच्याला ठावं नस्तं का ह्यो शिकलेलाय. म्हंजी ती फसवनूक झाली. फसवनुकीला मी पोलीस म्हनून काय करतो, ते तुमाला म्हाईतीय."

सागर त्या वर्षी जिल्ह्याला गेला नाही. पुढच्या वर्षी गेला. आज तो सैन्यात आहे, आणि सुट्टीत आला की मामांची चौकशी माझ्याकडे करतो. मी इकडचं तिकडचं बोलून वेळ मारून नेतो.

माझी मुलगी मीरा तेव्हा आठवीत होती. भित्री, मान खाली घालून चालणारी. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी. मामांनी तिला कधी 'ये' म्हटलं नाही. एका रविवारी म्हणाले, "पोरीचं अक्षर लई चांगलंय. आमच्या पोरांची हजेरी लिवून देशील का?" ती सकाळी वही घेऊन जाऊ लागली. पायरीवर बसून नावं लिहायची. महिन्याभरानं मी सहज तिकडून गेलो तर वही पायरीवर होती आणि मीरा फक्कीच्या चौकोनात होती.

बायकोनं त्यांना घरी बोलावून विचारलं, "अहो, पण नाक मोडलं तर? मुलीची जात."

"मोडू देनार न्हाई, वहिनी," मामा गंभीरपणे म्हणाले. "मोडल्यावर कसं दिसतं ते माझ्याएवढं कुनाला ठावंय?" बायको हसली आणि प्रश्न मिटला.

दोन वर्षांत मीरा बदलली. पोक गेला. ती माझ्याशी वाद घालू लागली. दहावीच्या सुरुवातीला ती विभागीय स्पर्धेला पुण्याला गेली. मामा, ती आणि मी. ती दुसऱ्या फेरीत हरली. मला वाटलं, आता रडेल. ती पट्ट्या सोडून आली आणि म्हणाली, "भूक लागलीये." येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली, तेव्हा मामा मला हळू आवाजात म्हणाले, "हरल्यावर भूक लागती ना, ती पोरं टिकत्यात. ही लई वर्सं खेळनार बघा." त्यांच्या स्वतःच्या घरी मूल नव्हतं. त्यांची बायको कर्जतकडच्या गावी सासू-सासऱ्यांजवळ राहायची. मीराकडे बघताना त्यांचं ते वाकडं नाकसुद्धा सरळ वाटायचं.

आता ती गोष्ट सांगतो.

मीरा वर्गावरून सकाळी घरी येताना स्टँडच्या कोपऱ्यावर एक मुलगा मोटारसायकल लावून बसायला लागला. बारावी होऊन घरी असलेला, गावातल्या वजनदार घरचा. मी त्याचं नाव लिहीत नाही. तोही आता संसाराला लागला आहे. आधी तो नुसता बघायचा, मग बोलायला लागला. मीरानं चार-पाच दिवस सोसलं आणि एका संध्याकाळी जेवताना सांगितलं. काय काय बोलतो तेही सांगितलं.

माझ्या अंगाची आग झाली. खरं तर मी त्या मुलाच्या घरी जायला हवं होतं, नाहीतर मामांना सांगायला हवं होतं. पण त्या घराशी वाकडं घ्यायची माझी हिंमत नव्हती. त्या घरातले एक जण आमच्या शिक्षणसंस्थेच्या कमिटीवर होते. जी हिंमत माझ्यात नव्हती ती मी मुलीकडून मागितली. म्हणालो, "रोज सकाळी पोत्याला ठोसे मारतेस ना? मग एकदा दे ठेवून. परत तोंड उघडणार नाही."

"मामांचा नियम आहे, बाबा."

"मामांना कळवायची गरज नाही. मी तुझा बाप आहे, मी सांगतोय. पुढचं मी बघतो."

बायको पोळ्या करत होती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं. आपण मुलीच्या पाठीशी उभे राहणारे बाप आहोत असं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्या मुलानं तिच्या सॅकचा पट्टा धरून ओढला. मीरानं एकच ठोसा मारला. त्याचे पुढचे दोन दात पडले. तो मागे मोटारसायकलवर आपटला आणि मनगट मोडलं. स्टँडवर शंभर माणसं होती.

दुपारपर्यंत त्याचे वडील दहा-बारा जणांना घेऊन आमच्या दारात. मुलीवर केस करतो, दहावीची परीक्षा कशी देते बघतो, संस्थेत मास्तर कसा राहतोस तेही बघतो. मी काय केलं? मी म्हणालो, "बसा, पाणी घ्या." 'पुढचं मी बघतो' म्हणणारा माणूस पाण्याचे तांबे भरत होता.

पण त्यांनाही अडचण होती. केस केली की मुलगा तिथे काय करत होता हे निघणार. दोन-तीन दिवस बैठका झाल्या. कुणी तरी वाट काढली. दोष ना मुलाचा, ना मुलीचा. दोष त्या हवालदाराचा. परवानगी न घेता वर्ग चालवतो, पोरांना मारामारी शिकवतो, तालीम देऊन गावात सोडतो. असं म्हटलं की दोन्ही घरांची अब्रू राहत होती. मुलाचे वडील म्हणाले, "मास्तर, तुम्ही तसं लिहून द्या. तुमची पोरगी, आमचा पोरगा, दोघंही सुटली. तो काय, आज इथं, उद्या बदली."

चौकशीला तालुक्याहून साहेब येणार होते. त्यांच्यासाठी मी जबाब घरी बसून लिहिला. दोनदा लिहिला. पहिल्या मसुद्यात मला वाक्यं ढोबळ वाटली, म्हणून सुधारली. ती ओळ मला पाठ आहे: 'सदर प्रशिक्षणात विद्यार्थ्यांना प्रशिक्षणस्थळाबाहेरही बळाचा वापर करण्यास प्रोत्साहन दिले जात असे, ही बाब पालक या नात्याने माझ्या वारंवार निदर्शनास आली आहे.' एकही चूक नव्हती. ह्रस्व-दीर्घ सगळं जागच्या जागी. चौकशीच्या आधीच्या रविवारी मामा आले नाहीत. आले असते तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

मी हे मीरासाठी केलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि नंतर बरीच वर्षं सांगत राहिलो. त्यात थोडं खरंही आहे. पण 'तूच मुलीला सांगितलंस ना?' असं उद्या हेडमास्तरांनी, संस्थेनं, गावानं विचारलं असतं, त्याची भीती त्याहून मोठी होती.

चौकशी औटपोस्टच्या पडवीतच झाली. टेबलामागे साहेब. एका बाजूला मी आणि मीरा, दुसऱ्या बाजूला त्या मुलाचे वडील. मामा उभे होते, पूर्ण गणवेशात, टोपी काखेत. मागच्या लिंबाला ताडपत्रीची पोती लटकलेली दिसत होती. साहेबांनी माझा जबाब मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर म्हणाले, "चांगला लिहिलाय." मग मामांना विचारलं, "थोरवे, हे खरं आहे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. साहेबांना विचारलं, "साहेब, पोरीवर केस न्हाई ना होनार?"

"नाही. ते मिटलंय त्यांचं."

"लेखी मिटलंय?"

साहेब जरा चिडले. "हो, लेखी. तुम्ही उत्तर द्या."

"मग खरं हाय," मामा म्हणाले. "हाताला मीच शिकवलं. त्यो कुठं पडला, ती जिम्मेदारी बी माझीच."

मीरा माझ्या शेजारी बसलेली होती. ती आता बोलेल, अशी मला धास्ती होती. ती बोलली नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्या क्षणी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत असल्याचं दाखवलं. मला वाटलं, तिनं बापाला सांभाळून घेतलं. मला हायसं वाटलं. हे लिहायलाच हवं: मला हायसं वाटलं.

आठवड्याभरात मामांची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भंडारदऱ्याच्या बाजूला. त्या वर्षी ते फौजदार व्हायचे होते, ते राहिलं. जाण्याच्या दिवशी मुलं स्टँडवर जमली होती. मी शाळेत होतो. माझा ऑफ तास होता, पण मी शिक्षकखोलीत वह्या तपासत बसलो. मीरा गेली होती. घरी आल्यावर तिनं हाताच्या पट्ट्या धुतल्या, वाळवल्या, घडी केल्या आणि आईच्या चिंध्यांच्या गाठोड्यात टाकल्या. दोर, बांबू काढून टाकले गेले. जप्तीच्या मोटारसायकली पुन्हा सगळ्या जागेवर पसरल्या.

मीराला दहावीत चांगले गुण पडले. ती पुण्याला शिकली, तिथेच नोकरीला लागली. माझ्याशी ती वाईट वागत नाही. फोन करते, औषधं घेतली का विचारते. फक्त वाद घालत नाही. मी काहीही म्हटलं तरी "बरं, बाबा" म्हणते. एकदा मी धीर करून म्हणालो, "मीरा, तेव्हा तुझ्यावर केस झाली असती." ती म्हणाली, "झाली असती. मला विचारलं असतंत, तर होऊ द्या म्हणाले असते." आणि तिनं आईला फोन द्यायला सांगितलं.

मागच्या डिसेंबरात मी भंडारदऱ्याला गेलो. सहा वर्षं झाली होती. घरी सांगितलं, एका ओळखीच्यांकडे जातोय. संगमनेर, अकोले करत, तीन गाड्या बदलून दुपारी पोचलो. थोरवे हवालदार म्हटल्यावर टपरीवाल्यानं लगेच हात केला. "मामा व्हय? त्या तिकडं, शाळेच्या मागं आस्त्याल."

धरणाच्या खालच्या अंगाला एक सपाट तुकडा होता. मागे डोंगर, थंडीचं पिवळं ऊन. वीसेक आदिवासी मुलं-मुली जोडीजोडीनं पाय टाकत होती. मामा कडेला दगडी पायऱ्यांवर उभे होते. केस सगळे पांढरे, पोट जरा सुटलेलं. मला बघून ते क्षणभरही थबकले नाहीत.

"सर? या की. एवढ्या लांब?" त्यांनी आपला मफलर काढून पायरीवर टाकला. "बसा. दगड गार हाय."

मी बसलो नाही. वाटेत तीन गाड्यांमध्ये पाठ करत आणलेलं बोलून टाकलं. म्हणालो, "मामा, त्या पोराला मारायला मीराला मी सांगितलं होतं. तुम्ही नाही. मी सांगितलं आणि जबाब तुमच्यावर लिहिला."

ते मुलांकडे बघत होते. "ठावंय मला," म्हणाले.

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी. पोरगी सकाळी आली हुती, वर्ग सुरू व्हायच्या आधी. मी न सांगताच पायरीवर जाऊन बसली. म्हनलं, कोनी सांगितलं गं तुला? मग रडाया लागली, आन सांगितलं."

म्हणजे चौकशीच्या दिवशी, साहेब माझा जबाब वाचत असताना, त्या पडवीतल्या तिघांना खरं काय ते माहीत होतं, आणि त्यातला खोटं लिहिणारा मी एकटा होतो.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? निदान ती तरी..."

"ती बोलनारच हुती. मीच शपथ घातली तिला. म्हनलं, गप ऱ्हायचं." त्यांनी एका मुलीला हातानंच मागे सरकण्याची खूण केली. "सर, मी काय इचार केला सांगू का? तिनं सगळ्यांम्होरं बापाला खोटं पाडलं असतं, तर तुमचं तिचं घर ऱ्हायलं नसतं. बाप एकच अस्तो. कोच काय, दुसरा मिळतो. पुन्यात तर लई चांगले हायेत. म्हनलं, पोरगी जाईल शिकायला, मिळंल तिला." मग ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. चेहरा उजळलेला होता. "कुनाकडं खेळती आता? राज्याला पोचली असंल."

मला खोटं बोलायचं होतं. फार सोपं होतं. तीन गाड्या बदलून मी खरं सांगायला आलो होतो आणि तरीही जिभेवर आधी खोटंच आलं.

"खेळत नाही, मामा," मी म्हणालो. "तुम्ही गेलात त्या दिवसापासून तिनं हातमोजे घातले नाहीत."

"पुन्यात बी न्हाई?"

"नाही. कुठेच नाही."

बदली झाली, फौजदारकी गेली, सहा वर्षं घरापासून इतकी लांब काढली, त्यातल्या कशाबद्दलही त्यांच्या तोंडावर मला काही दिसलं नव्हतं. आता दिसलं. ते हळूच पायरीवर बसले, मफलरवर नाही, त्याच्या शेजारी गार दगडावर. तळहात गुडघ्यांवर ठेवले. "असं व्हय," म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "असं व्हय."

मुलं थांबून त्यांच्याकडे बघायला लागली होती. पुढे काय करायचं ते त्यांना सांगितलेलं नव्हतं. एक मोठा मुलगा दोन पावलं पुढे आला आणि परत मागे गेला. मी म्हणालो, "येतो, मामा." त्यांनी मान हलवली. ऐकू आलं होतं का, माहीत नाही. चढावर रस्ता वळतो तिथून मी मागे पाहिलं. सगळी मुलं आपापल्या जागी उभी होती, ऊन डोंगराआड चाललं होतं आणि मामा तसेच पायरीवर बसून होते.